गोलकीपर विभावरी आणि उशिरा पोचणारा चेंडू

विभावरी खानझोडे गोलमध्ये उभी असली की मैदानावर सगळ्यात मोठा आवाज तिचाच असायचा. जबलपूरला मुलींनी हॉकी खेळणं यात कोणाला काही नवल वाटत नाही. आम्ही दोघी त्याच खेळाच्या जोरावर रेल्वेत लागलो. मी लेफ्ट बॅक, म्हणजे तिच्या अगदी पुढ्यात. मागचं मला दिसायचं नाही, ते विभा बघायची. "सुमी, डावीकडे! सोड, सोड, माझा आहे!" ती ओरडायची आणि मी मान न वळवता सरकायचे. चेंडू तिच्या पॅडवर आपटून ठप्प आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा.

पुढे तिच्या गुडघ्याने दगा दिला, मला संसाराने ओढून घेतलं, आणि दोघी ऑफिसात शेजारशेजारच्या टेबलांवर येऊन बसलो. आता पन्नाशी ओलांडली. विभाचा नवरा श्रीरंग जबलपूरच्याच खमरिया भागातल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आहे, राहायला तिथलंच क्वार्टर. एकुलती एक मुलगी मैत्रेयी दोन वर्षांपूर्वी नोकरीला पुण्याला गेली. जाताना तिचा गेम खेळायचा कन्सोल मात्र इथेच राहिला, कारण पुण्याच्या खोलीत ती आणि तिची रूममेट, दोघींत मिळून एक टीव्हीसुद्धा मावत नव्हता. विभा रोज त्या काळ्या डब्यावरची धूळ पुसायची आणि त्याला हात लावायला घाबरायची.

मग मैत्रेयीने पुण्यात जागा बदलली, नवा कन्सोल घेतला, आणि एका रविवारी तिचा फोन आला.

"आई, एक काम कर ना. मागच्या खोलीतला टीव्ही लाव आणि माझा कन्सोल चालू कर. आमच्या टीमला एक माणूस कमी आहे."

"मला काय येते त्यातलं?"

"तुला गोलकीपर व्हायचंय फक्त."

हा खेळ फुटबॉलचा. अकरा खेळाडू, आणि त्यातला एकेक खेळाडू आपापल्या घरी बसलेला एकेक माणूस चालवतो. कोणी नागपुरात, कोणी पुण्यात, कोणी इंदूरला. मैत्रेयीच्या शाळेतली ही सगळी मंडळी नोकरीपायी पांगलेली. रविवारी सकाळी अकराला एकत्र यायची. टीमचं नाव ठेवलं होतं भेडाघाट युनायटेड. कप्तान केतन, तो नागपूरच्या एका बँकेत.

दुसऱ्या दिवशी विभा ऑफिसात आली ती चेहरा उजळूनच. डबासुद्धा न उघडता मला म्हणाली, "सुमी, मी काल गोलमध्ये उभी होती! इतक्या वर्षांनी! अगं, समोरून माणूस धावत येऊन राहिला, आणि मी चटईवर तशीच वाकून उभी राहिली, तश्शीच!"

मला वाटलं, हौस आहे, दोन रविवार टिकेल. पण विभाने ते मनावर घेतलं. संध्याकाळी भाजी टाकून ती सराव करायची. कुठलं बटण डावीकडे झेप, कुठलं पुढे धाव, हे तिच्या बोटांत बसलं. आणि तरीही दर रविवारी भेडाघाट युनायटेड हरत राहिली. तीन गोल, चार गोल, एकदा सहा.

एक दिवस डबा खाताना तिने पोळी तशीच डब्यात ठेवली. मग म्हणाली, "सुमी, माझे हात गेले गं."

"म्हणजे?"

"मला चेंडू दिसून राहिला. कुठे येणार तेही कळते. मी झेप घेते. पण तोवर तो आत जाऊन बसलेला असते. पोरं काही बोलत नाहीत, हसतात. काल केतन म्हणाला, काकू, तुम्ही बचावात खेळाल का, गोलमध्ये दुसऱ्याला ठेवून बघू. इतकं गोड बोलला की मला रडूच आलं."

विभाला रडू आलं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता तेव्हाही ती डॉक्टरशी भांडत होती.

माझ्या हातात संत्रं होतं. सोलायला घेतलेलं. ती खिडकीकडे बघत होती. मी काही न सांगता ते संत्रं तिच्या डाव्या कानाकडे जोरात फेकलं. तिने मान वळवलीसुद्धा नाही. हात वर गेला आणि संत्रं पंजात.

"काहून फेकलंस?" ती चिडून म्हणाली.

"हात कुठे गेलेत ते बघायला," मी म्हटलं. "हे तर जागेवरच आहेत."

ती त्या संत्र्याकडे बघत बसली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला चांगलं ओळखीचं होतं. समोरच्या टीमची खेळी कळली की असाच चेहरा करायची.

"मग उशीर कोण करून राहिलं?" ती म्हणाली.

त्या रविवारी मी खमरियाला गेले. मागच्या खोलीत टीव्हीसमोर विभा चटईवर पाठ ताठ ठेवून बसलेली. खेळ सुरू झाला. मी टीव्हीकडे बघत नव्हते, तिच्या अंगठ्याकडे बघत होते. समोरच्या खेळाडूने पाय उचलला, विभाचा अंगठा दाबला गेला, अगदी वेळेवर, आणि पडद्यावरचा गोली उभाच. चेंडू जाळ्यात. मग तो महाशय सावकाश जमिनीवर लोळला.

"बघितलंस?" विभा ओरडली. "बघितलंस ना? मी दाबलं होतं!"

"दाबलं होतंस. मी बघितलं."

एवढं एक वाक्य ऐकून तिला केवढा धीर आला! खेळ हरून संपला, पण ती उठली ती कंबर कसूनच. घरात इंटरनेट येतं कुठून, तिथून शोध सुरू झाला. पुढच्या खोलीत काचेचं कपाट, त्यात विभाचे आणि टीमचे कप. पितळेचे, स्टीलचे, एक तर चांगला हातभर उंच. आणि त्या कपांच्या मागे, भिंतीला चिकटून, दिसू नये म्हणून श्रीरंगभाऊंनी नीट लपवून ठेवलेला राउटर.

"चांगला दिसत नव्हता समोर," ते म्हणाले.

विभाने कप बाजूला केले. "अहो, याच्यातून ते वायरलेस मागच्या खोलीत जायचं म्हणजे आधी एवढा धातू, मग ही भिंत, मग फ्रिज, मग दुसरी भिंत! माझ्याच कपांनी मला आउट केलं की!"

राउटर कपाटावर मोकळ्यात आला. खेळ थोडा सुधारला. थोडाच.

मग तिने इंटरनेटवाल्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं, मोठा प्लॅन घ्या, दुप्पट वेग मिळेल. घेतला. काही फरक नाही. तो रविवार चार गोलांनी गेला. सोमवारी ऑफिसात ती धुसफुसत होती तेव्हा संध्याकाळी श्रीरंगभाऊ तिला न्यायला आले. त्यांना सगळं ऐकवल्यावर ते आपल्या शांत आवाजात म्हणाले, "नागपूरच्या वाटेवरचा तिलवाऱ्याचा पूल रुंद केला तर एका वेळी जास्त गाड्या जातील. नागपूर थोडंच जवळ येणार आहे?"

विभा थांबली. "परत बोला."

"अगं, वेग म्हणजे पूल किती रुंद आहे ते. तुझी गाडी एकटी आहे, ती छोटीशी आहे. तिला रुंदी नको. तिला वाटेत कोणी थांबवायला नको."

"तर मग मला वाटेत कोण थांबवून राहिलं, ते शोधायचं," विभा म्हणाली, आणि स्कूटरवर बसली ती जणू मॅचला निघाल्यासारखी.

पुढचे काही दिवस ऑफिसात दुसरा विषय नव्हता. मैत्रेयीने तिला फोनवर शिकवलं की कन्सोलमध्येच एक तपासणी आहे; इथून निघालेला निरोप खेळाच्या सर्व्हरला पोचून परत यायला किती वेळ लागला, हे ती सांगते. त्याला पिंग म्हणतात. आकडा जितका कमी तितकं बरं. विभा घरी जाईल तेव्हा पिंग बघायची. सकाळी कमी. संध्याकाळीही कमी. आणि रविवारी अकरा वाजता आकडा नुसता उड्या मारायचा. आत्ता चाळीस, पुढच्या क्षणी तीनशे.

"रविवारी अकरालाच काहून?" ती मला विचारायची, जसं काही मी केलंय. "शेजारी झोपलेले असतात. घरात आम्ही दोघं. टीव्ही मीच लावते. हे तर बिचारे सकाळी डुमन्याच्या तलावावर पक्षी बघायला जातात, दहापर्यंत येतात, चहा पितात आणि पेपर घेऊन बसतात. फोनला हातसुद्धा लावत नाहीत."

"पक्ष्यांचे फोटो काढतात ना?" मी विचारलं.

"ढिगाने काढतात."

"आणि ते ठेवतात कुठे?"

 विभाने टेबलावर असा हात मारला की साहेबांनी आतून मान काढली.

गोष्ट अशी होती. श्रीरंगभाऊ डुमन्याच्या तलावावरून घरी आले की त्यांचा फोन घरच्या वायफायला लागायचा आणि सकाळभर काढलेले फोटो आणि व्हिडिओ आपोआप इंटरनेटवर चढवायला लागायचा. भाऊंना पत्ताही नसायचा. ते पेपर वाचत असायचे आणि शेकडो खंड्या पक्षी आणि बगळे घरातून बाहेर जाणारी वाट अडवून उभे असायचे. विभाचा एवढासा निरोप, 'डावीकडे झेप', त्या सगळ्यांच्या मागे रांगेत.

तिने त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "माझे पक्षी?"

"तुमचे पक्षी. सहा गोल खाल्ले मी त्यांच्यापायी."

"मग मी फोटो काढू नको?"

"काढा की हो! फक्त ते दुपारी उडवा!" विभा म्हणाली, आणि दोघंही हसायला लागले. पण नुसतं विनवण्यावर भागणार नव्हतं. उद्या दुसऱ्या कोणाचा फोन काहीतरी चढवेल. वाटेवर पोलीस उभा करायला हवा होता, आणि तो राउटरच्या आत असतो, असं मैत्रेयीने सांगितलं.

राउटरच्या आतलं पान विभाने पहिल्यांदा उघडलं तेव्हाही मी तिथेच होते. पासवर्ड डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर होता. तो वाचायला मला चष्मा काढून डबा नाकाजवळ धरावा लागला. मग पडद्यावर नुसत्या खिडक्याच खिडक्या आणि अनोळखी नावं. मैत्रेयी फोनवर म्हणाली, "आई, मी सांगते तेवढंच कर." आईने अर्थातच थोडं जास्त केलं. एक बटण बरं वाटलं म्हणून दाबलं आणि सगळ्या घराचं इंटरनेट बंद. मैत्रेयीचा आवाज मध्येच तुटला. बाहेरून भाऊ म्हणाले, "विभा, मॅच थांबली!" त्यांची क्रिकेटची होती ती.

शेवटी मीच माझ्या साडीची टाचणी काढून दिली. मागच्या भोकात ती खुपसून धरली तेव्हा राउटर पहिल्यासारखा झाला आणि आम्ही नव्याने सुरुवात केली. या वेळी विभाने एकेक गोष्ट बदलली, आणि प्रत्येक वेळी पिंग बघितला. आधी कन्सोलला घरात एक कायमचा पत्ता दिला, म्हणजे राउटर त्याला रोज नव्याने ओळखणार नाही. मग प्राधान्याच्या यादीत त्याला सगळ्यांत वर बसवलं. आणि बाहेर जाणाऱ्या वाटेवर मर्यादा घातली, पूर्ण भरू न देता थोडी जागा मोकळी ठेवायची.

"अहो!" तिने हाक मारली. "ते सगळे पक्षी एकदम चढवा बरं!"

भाऊंनी चढवले. आम्ही दोघी श्वास धरून आकड्याकडे बघत होतो. तो चाळीसच्या आसपास थोडा थरथरला आणि तिथेच राहिला.

"हलून नाही राहिला!" विभा ओरडली. "सुमी, हलून नाही राहिला तो!"

मी तिला मिठीच मारली. आता कोणाला सांगितलं तर हसतील, दोन पन्नाशीच्या बायका एका आकड्यासाठी नाचत होत्या.

राहिली तार. वायफाय केव्हाही डगमगतं, तार डगमगत नाही, हे तिला आता पटलं होतं. पण क्वार्टर फॅक्टरीचं; भिंतीला भोक पाडायला परवानगी कोण देणार! तेव्हा भाऊ स्टुलावर चढले आणि तार दारावरच्या रोशनदानातून, म्हणजे झरोक्यातून ओढून, चौकटीच्या कडेने खिळे न मारता चिकटपट्टीने नेली. पडद्याच्या दांडीवरून ती पलीकडे उतरली. दिसायला काही फार बरी नव्हती. पण त्यांनी तक्रार केली नाही, उलट दोनदा खाली उतरून दुरून बघितलं.

एवढं करूनही एक गाठ सुटत नव्हती. टीममधल्या निम्म्या मुलांना विभाचा आवाज ऐकूच जायचा नाही. खास करून दुर्वाला. दुर्वा इंदूरला असते आणि ती आमच्या टीमची लेफ्ट बॅक. तीन महिन्यांत तिने विभाचा एक शब्दही ऐकला नव्हता. तिला वाटायचं, मैत्रेयीची आई अबोल आहे. कन्सोल त्या तपासणीत सांगायचा, तुमचं नेटवर्क 'स्ट्रिक्ट' आहे, म्हणजे कडक.

इंटरनेटवाल्यांचा विपुल येऊन बघून गेला. पोरगा भला. म्हणाला, "दीदी, गेमिंग का तो मुझे भी ज्यादा नहीं पता. लेकिन ये देखिए, आपके यहाँ दो-दो राउटर हैं."

एक त्यांच्या कंपनीचा डबा, जिथे बाहेरची तार येते. दुसरा मैत्रेयीने आणलेला. दोघंही आपापल्या परीने राखण करत होते. विभाच्या लगेच ध्यानात आलं. "म्हणजे दोन फाटकं आणि दोन वॉचमन! दुर्वाचा आवाज पहिल्या वॉचमनने आत घेतला, तर दुसरा विचारतो, कोणाकडे जायचंय? आणि परत पाठवतो!"

"हाँ, लगभग यही है," विपुल म्हणाला. "तो हमारे वाले को बोल देते हैं, तू सिर्फ रास्ता दे. पूछताछ दूसरा करेगा."

तो आणि विभा, फोनवर मैत्रेयी, तिघं मिळून बसले. पहिल्या खेपेला चुकलं. इंटरनेट आलंच नाही, कारण आता लॉगिन दुसऱ्या राउटरमध्ये भरायचं होतं आणि ते भरताना विभाने एक अक्षर गाळलं होतं. विपुलने त्याच्या ऑफिसला विचारून पुन्हा सांगितलं. मग राउटरमध्ये आणखी एक सोय चालू केली, ज्याने कन्सोल स्वतःच राउटरकडे मागणी करून आपल्यापुरतं दार उघडून घेतो. आणि तपासणी लावली. पडद्यावर 'स्ट्रिक्ट'च्या जागी शब्द आला: 'ओपन'.

विपुलला विभाने पोहे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

नागपूरच्या एका मंडळाने या खेळाची ऑनलाइन स्पर्धा ठेवली होती आणि दोनदा समोरची टीम आलीच नाही म्हणून भेडाघाट युनायटेड तिच्यात कशीबशी टिकून होती. उपांत्य सामना त्याच आठवड्यातल्या रविवारी, समोर सांगलीची टीम. केतनने त्याआधी फोन करून सांगितलं होतं, "काकू, या मॅचला गोलमध्ये दुसरा कोणी बघू का? म्हणजे तुम्हाला ताण नको."

विभा म्हणाली, "केतन, अर्धा वेळ दे मला. मग तू म्हणशील तसं."

मी सकाळी दहालाच खमरियाला पोचले. भाऊ डुमन्याला गेलेच नव्हते. म्हणाले, पक्षी कुठे पळून जात नाहीत. आम्ही तिघं टीव्हीसमोर. विभाने कानांवर हेडफोन चढवला, मग काढला आणि आवाज टीव्हीवर लावला, म्हणजे आम्हालाही ऐकू येईल.

मुलं एकेक करून आली. "हाय", "चलो, सगळे आले का?" विभा म्हणाली, "मी आहे."

 मग एका मुलीचा आवाज, किंचाळलाच म्हणा ना: "काकू? काकू, तुमचा आवाज येतोय! मी दुर्वा!"

"दुर्वा! बेटा, तुझाही येऊन राहिला!"

"मला वाटायचं तुम्ही बोलतच नाही!"

मैत्रेयी पुण्याहून हसली. "दुर्वा, आता तुला कळेल."

खेळ सुरू झाला. सांगलीची पोरं पहिल्याच मिनिटाला डावीकडून घुसली आणि विभाचा आवाज सुटला. "दुर्वा, डावीकडे! आत नको येऊ, बाहेर ठेव त्याला! सोड, सोड आता, माझा आहे!" माझा पाय आपोआप हलला. मी चटईवर बसल्या बसल्या डावीकडे सरकले आणि भाऊंच्या चहाला लाथ बसली. चहा सांडला, कोणी बघितलंही नाही. पडद्यावर विभाचा गोली हवेत होता. चेंडूच्या आधी! त्याने तो छातीशी धरला आणि जमिनीवर आला.

"पकडला!" केतन ओरडला. "काकूंनी पकडला!"

मग काय सांगू! सांगलीवाले येत राहिले आणि विभा त्यांना परत पाठवत राहिली. एक पायाने, एक बोटांच्या टोकाने, एक तर खांबाला लागून उडालेला, पुन्हा उडी मारून. आणि तोंड अखंड चालू. "कोणी मागे बघून नाही राहिलं! केतन, परत ये! मैत्रेयी, उभी काय राहिलीस, ही मुलगी लहानपणापासून अशीच!" ती आता पन्नाशीची नाही, पस्तिशीची नाही, बावीसची झाली होती; मी तिला त्या वयात बघितलंय म्हणून सांगते. मध्यंतराला शून्य-शून्य. केतनने बदलाचा विषय काढलाच नाही.

दुसऱ्या भागात मैत्रेयीने गोल केला आणि सांगलीने शेवटी शेवटी पेनल्टी मिळवली. सगळे गप्प. विभाही गप्प झाली, त्या सबंध सामन्यात पहिल्यांदा. भाऊंनी माझं मनगट धरलं होतं, आणि ते माझं आहे याचं भान त्यांना नव्हतं. मारणाऱ्याने धाव घेतली, किंचित थबकला, आणि विभा थांबली. हलली नाही. त्याला वाटलं होतं ही आधीच कुठेतरी पडेल. त्याने चेंडू मारला आणि ती त्याच बाजूला गेली. ठप्प.

टीव्हीतून इतका गोंगाट आला की शेजारच्या क्वार्टरातल्या इंदिराकाकू काय झालं म्हणून दारात आल्या. विभा त्यांना म्हणाली, "काही नाही हो, आम्ही फायनलला गेलो."

सामन्यानंतर मंडळाने दोन्ही टीमना एका खोलीत बोलायला आणलं, म्हणजे ऑनलाइनच, आवाजाच्या खोलीत. सांगलीचा कप्तान विचारत होता, "तुमचा गोलकीपर कोण आहे? दादा, कुठल्या क्लबला खेळता? अहो बोला तरी."

"दादा नाही रे बाबा, काकू आहे," विभा म्हणाली. "आणि तुझा तो दहा नंबर थबकून मारते ना, त्याला सांग, थबकताना नजर जिथे जाते तिथेच मारू नको."

पलीकडे कोणीतरी मनापासून हसलं. केतन तिथे सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, सॉरी. मी तुम्हाला बाहेर काढणार होतो."

"अच्छा, मग? मीही मलाच काढणार होती," ती म्हणाली. "नेटवर्कचा दोष मी माझ्या वयावर घातला होता."

पुढच्या रविवारी फायनल झाली, नाशिकच्या टीमशी. ती आम्ही हरलो, एका गोलने. कॉर्नरवरून चेंडू उंच आला, विभा तो धरायला गोल सोडून पुढे धावली, अर्धं पाऊल लवकर, आणि तिच्या डोक्यावरून नाशिकच्या एका मुलाने तो आत ढकलला. पिंग मी स्वतः बघत होते. अडतीस. हलला नव्हता.

मला वाटलं आता ती खट्टू होईल. ती तर चक्क हसत होती. कंट्रोलर मांडीवर ठेवून, दोन्ही हात पसरून म्हणाली, "हा माझा! सुमी, हा मी खाल्ला! राउटरने नाही, पक्ष्यांनी नाही, मी! लवकर निघाली मी!" जणू बक्षीसच मिळालं होतं.

मुलं निरोप घ्यायला लागली होती. कोणाला जेवायला जायचं होतं, कोणाला झोपायचं होतं. विभाने सगळ्यांना थांबवलं.

"कोणी जायचं नाही. मैदान उघड, केतन. कॉर्नर घे. डावीकडून."

"काकू, फायनल संपली."

"म्हणूनच तर. घे कॉर्नर. दुर्वा, तू पहिल्या खांबाला उभी राहा. बाकीचे सगळे माझ्यावर चढून या, अजिबात दया नाही करायची."

केतनने सुस्कारा टाकला आणि कॉर्नर घेतला. मग दुसरा. मग तिसरा. स्वयंपाकघरात भाऊ मला विचारून विचारून वरणाला फोडणी देत होते, आणि मागच्या खोलीतून विभाचा आवाज येत होता: "उंच टाक! आणखी उंच! आता ये, आता!"